आमच्या गाडीच्या नऊ वह्या

गावच्या रुग्णवाहिका पथकाच्या शेडला नवी भिंत घातली, तिला रंग लावून झाला, आणि बैठकीत ठरलं की तिथे इतिहासाचा फलक लावायचा. एक पान मजकूर. काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि गेली अकरा वर्षं आठवड्यातल्या दोन रात्री रुग्णवाहिका चालवतो. गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदींच्या नऊ वह्या होत्या. त्या चाळायच्या, पहिली गाडी कधी आली, दुसरी कधी घेतली, देणगी कुणी दिली, एवढं लिहून द्यायचं. मला वाटलं दोन रविवारांचं काम. जूनमध्ये हातात घेतलं, ते फाल्गुनातल्या शिगम्यापर्यंत चाललं.

आमचा गाव गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर, मांद्रे-हरमलच्या बाजूला. आता चोपड्याहून शापोरा नदीवरचा पूल ओलांडला की शिवोली, आणि शिवोलीहून थोड्याच वेळात म्हापसा. पथक सुरू झालं तेव्हा तो पूल नव्हता. चोपड्याला फेरीबोट होती. दिवसा गाडी फेरीवर चढवायची. रात्री शेवटची फेरी गेली की पार्से, तुये करत मागे फिरून कोलवाळच्या पुलावरून म्हापशाला जायचं. वेदनेने कण्हणारं माणूस मागे असताना तो फेरा किती लांब होतो, हे तेव्हाच्या माणसांच्या तोंडून ऐकावं. त्याआधी तर गाडीच नव्हती. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधायची आणि चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. आमच्या वाड्यावरून माझ्या आजोबांना तसंच नेलं होतं असं वडील सांगायचे.

पहिली वही खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली मिळाली. मागची पंधरा-वीस पानं वाळवीने खाल्लेली. हिशेबाची लांब वही, तिच्यात हाताने आखलेले रकाने: तारीख, नाव, वाडा, कारण, कुठे नेलं, इंधन. तारखेला दिवस आणि महिना, साल कुठेच नाही. लिहिणाऱ्याला साल माहीत होतं, त्यामुळे लिहायची गरज वाटली नसणार. मला मात्र तिथेच अडायला झालं. गाडी नेमकी कोणत्या वर्षी आली हे कुणालाच ठाम सांगता येईना. अध्यक्ष म्हणत गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी, म्हणजे १९८७. जुने खजिनदार म्हणत त्याच्या बऱ्याच आधी.

माग लागला तो एका ओळीवरून. पावसाळ्यातली नोंद, एका वयस्क माणसाच्या छातीत दुखण्याची, आणि कारणाच्या रकान्यात घुसडून लिहिलेलं: ‘पूल नाही. बेतीला फेरी. रांग मोठी. स्ट्रेचर हातानं नेलं.’ मांडवीवरचा पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ तेव्हा पणजीत, मांडवीच्या काठालाच होतं, बांबोळीच्या टेकडीवर ते नंतर गेलं. म्हणजे आमची गाडी म्हापसा, पर्वरी करत बेतीपर्यंत आली, समोर नदीपलीकडे इस्पितळाचे दिवे दिसत असणार, आणि मध्ये पाणी. गाड्यांची रांग ओलांडून चौघांनी स्ट्रेचर उचलून फेरीवर चढवलं. त्या ओळीच्या मागे जेमतेम दहा महिन्यांच्या नोंदी भरल्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्यात एकदाच येते. ही ओळ पूल पडला त्याच पावसाळ्यातली धरली, तर गाडी आली ती १९८५ च्या चवथीच्या आगेमागे. खजिनदारांचं खरं ठरलं. त्यांना सांगायला गेलो तर ते फक्त हसले आणि म्हणाले, ‘तुला वहीवर विश्वास, मला माझ्या मुलीच्या वयावर.’

पुढे मी तसंच करायला शिकलो. माणसांना साल विचारायचं नाही, काय चाललं होतं ते विचारायचं. पूल पडला त्याआधी की नंतर? कोकण रेल्वेची गाडी पेडण्याहून धावायला लागली होती का? रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा तो एक खुंट. सरकारी १०८ रुग्णवाहिका आली होती का? तो दुसरा. मोपाचा विमानतळ तर कालपरवाचा, डिसेंबर २०२२ चा. या खुंटांना दोरी बांधून नऊ वह्या मी ओळीने लावल्या.

पहिली गाडी म्हणजे जुनी मॅटॅडोर. तारवट्यांनी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या गावच्या मुलांनी, पैसे जमवून घेतली. पहिले ड्रायव्हर मामा आता पंच्याहत्तरीला आलेत. खाणीवर ट्रक चालवायचे. त्यांनी मला अख्खी दुपार बसवून घेतलं आणि ती मॅटॅडोर दुसऱ्या गियरमध्ये कशी अडायची ते हात हलवून दाखवलं. आत सीट काढून टाकलेली, खाली लाकडी फळी, तिच्यावर कॅनव्हासचं स्ट्रेचर, कडेला एक बाकडं. ना ऑक्सिजन, ना सलाईन टांगायला हूक. प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यात मर्क्युरोक्रोम, कापूस आणि पट्ट्या. मामा म्हणाले, ‘आम्ही काही करत नव्हतो रे. फक्त नेत होतो.’ पण त्या वहीचं पान पान बघितल्यावर त्या ‘फक्त’चं मोल कळतं. ओळीने बाळंतपणं. मग माडावरून पडलेले पाडेली, रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढताना, जखमी झालेले, समुद्रात ओढले गेलेले. आणि ‘जनावर लागलं’. आमच्याकडे रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. पथकातल्या एका तरुण मुलीने ती नोंद वाचून ‘कुठलं जनावर? म्हैस?’ असं विचारलं, तेव्हा लक्षात आलं की या वह्या वाचायला लवकरच कुणीतरी जाणता शेजारी बसावा लागेल.

भाषेचंही तसंच. आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहायला बसलो की मराठी लिहितो. वह्यांतही वाक्य मराठीत सुरू होतं आणि घाईत कोकणीत संपतं. ‘पेशंटला उलटी झाली, मागीर बरें दिसलें.’ ते मी सुधारलं नाही. फलकावर एखादी ओळ जशीच्या तशी घ्यावी असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या वहीत अचानक रकाने बदलतात. चार नवे: फोन आला, गाडी सुटली, घरी पोचली, इस्पितळात पोचली. हे का, ते वहीत लिहिलेलं नाही. विचारल्यावर माणसं विषय बदलायची. शेवटी मामांनी सांगितलं. एका बाळंतपणात आई वाचली नाही. गावात बोलणं झालं की गाडी तासाभराने आली. मामा म्हणत होते, वीस मिनिटांत पोचलो. दोघांपैकी कुणाकडेच कागद नव्हता. मामा त्यानंतर महिनाभर गाडीला शिवले नाहीत. परत आले ते या अटीवर की वेळ लिहायची.

मी त्या घरी गेलो. जायच्या आधी दोन आठवडे काढले, कारण एवढ्या वर्षांनी कुणाच्या दारात जाऊन काय विचारायचं. सासूबाई अजून आहेत. त्यांनी चहा केला, बसायला पाट दिला, ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, नाव घालू नको, वाडा घालू नको, पण घड्याळ बघून लिहायला का लागलात तेवढं लिही. म्हणून तेवढं लिहितोय. फलकावर कुठल्याही रुग्णाचं नाव येणार नाही हे मी त्याच संध्याकाळी बैठकीत मांडलं. दोघांना ते पटलं नाही, जुन्या काळचे मोठे लोक आमच्या गाडीतून गेले ते दिसावं असं त्यांचं म्हणणं. मी हट्ट धरला. आजारपणात माणूस आपल्या ताब्यात असतो, त्याची वाच्यता करायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

त्या चार रकान्यांनी मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट शिकवली. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर धावते तो वेळ वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. रस्ता तोच, खड्डे तेच. बदलतो तो फोन आणि गाडी सुटणं यांच्या मधला वेळ, आणि गाडी रस्त्यावर पोचल्यापासून रुग्ण गाडीत येईपर्यंतचा. आमचे वाडे कुळागरांतून, माडांच्या भाटांतून आत आत. तिथे गाडी जात नाही. मिनिटं तिथे जातात. आणि तीच मिनिटं कुणीतरी वाचवत होतं, कारण दुसऱ्या वहीत ‘वाट’ म्हणून एक अरुंद रकाना आहे. त्यात लिहिलंय: ‘सातेरीच्या देवळामागे, बॅटरी घेऊन भाऊ उभा.’ ‘पायवाट, व्हाळ ओलांडून, चौघे हवेत.’ हे अक्षर वेगळं. बाकीची वही एकात एक गुंतलेल्या अक्षरातली, दुकानदाराची. हे अक्षर सुटं, गोल, शाळेत गिरवल्यासारखं.

ते अक्षर काकींचं. त्यांच्या यजमानांचं बाजारात दुकान होतं, गावात तेव्हा फोन मोजकेच, त्यातला एक दुकानात. गाडीची चावीही तिथेच, खिळ्याला. यजमान पथकाचे पहिले सचिव, त्यांचा फोटो शेडमध्ये आहे. ते म्हापशाला मालाला जायचे, संध्याकाळी भजनाला बसायचे, रात्री गाढ झोपायचे. फोन घ्यायच्या काकी. नऊ वर्षं त्या दुकानाच्या आतल्या खोलीत फोनपाशी झोपल्या. मूल लहान होतं ते शेजारी. हे त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही मी अक्षराबद्दल विचारलं म्हणून. त्या पेडण्यातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. गोव्याच्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांच्या माहेरची शाळा त्यातलीच. त्यांच्या आईला अक्षर येत नव्हतं.

फोनवर काय विचारायच्या, ते मी त्यांना पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. पहिलं, ‘गाडी खंय मेरेन पावता?’ गाडी कुठपर्यंत येते. मग, माणूस बोलतो का. मग, उचलायला किती जण आहेत. आणि शेवटी दर वेळी, ‘बॅटरी घेवन कोणाक तरी रस्त्यार उबो कर.’ कुणालातरी बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं कर. बॅटरी म्हणजे टॉर्च. हे त्यांना कुणी शिकवलं? एकदा मामा अंधारात वाट चुकून अर्धा तास भलत्याच वाड्यात फिरले, तेव्हापासून. मी आपत्कालीन सेवेचं प्रशिक्षण घेतलंय. तिथे फोन घेणाऱ्याने कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत यावर अख्खा तास होता. काकींचे चार प्रश्न त्यात जवळजवळ जसेच्या तसे बसतात. त्यांचं नाव नऊपैकी एकाही वहीत नाही.

मधल्या वह्या मी भराभर उलटल्या. मॅटॅडोर गेली, ओमनी आली. ओमनी अरुंद वाटेवर आत घुसायची एवढंच तिचं बरं; रुग्णाच्या डोक्याशी बसायला जागा नाही, हृदय बंद पडलं तर छातीवर दाब द्यायला सरळ हात होत नाहीत. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे त्या छताखाली गुडघ्यावर बसून कसं करणार? चावी दुकानातून सुटली आणि पाळ्या लागल्या. कारणाच्या रकान्यात बाळंतपणं कमी होत गेली, दुचाकीचे अपघात वाढले, परक्यांची नावं यायला लागली, कारण हरमल-मोरजीकडे पर्यटक वाढले.

अपघाताच्या जुन्या नोंदींसमोर एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: ‘जबाबासाठी थांबवलं.’ कधी दोन तास, एकदा पहाटेपर्यंत. रुग्णाला उचलून आणणाऱ्यालाच प्रश्न. एका ठिकाणी आधी कागद मग उपचार म्हणाले, असंही लिहिलंय. ठिकाणाचं नाव मी देत नाही, लिहिणाऱ्याचा राग मात्र अक्षरात दिसतो, पेनाने कागद फाटलाय. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलं होतं की जखमीचा जीव वाचवणं आधी, बाकी सगळं नंतर. ते आमच्या रस्त्यापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. मदत करणाऱ्याला अडवू नये, त्याची इच्छा नसेल तर नावसुद्धा विचारू नये, ही तत्त्वं न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आलं. मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी हे कलम वाचून दाखवतो. भीतीने मागे सरकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती वाईट माणसं नव्हती.

२००८ मध्ये गोव्यात १०८ सुरू झाली. सहाव्या वहीत तेव्हाच्या बैठकीचं टिपण चिकटवलेलं आहे. गाडी विकावी का? अर्धे म्हणाले, विकावी. सरकारी गाडी फुकट येते, तिच्यात प्रशिक्षित माणूस असतो, ऑक्सिजन असतो, आपण कशाला? मी तेव्हा पथकात नव्हतो, पण ते टिपण वाचताना मला त्या अर्ध्यांचंच पटत होतं. मग एकाचं वाक्य येतं, नाव नाही: ‘ती गाडी रस्त्यावर थांबेल. रस्त्यापर्यंत कोण आणणार?’ तिथून पथकाचं काम फिरलं. १०८ ला फोन लागला की आमच्यातले दोघे बॅटरी घेऊन मोठ्या रस्त्याला उभे राहतात, चौघे स्ट्रेचर घेऊन वाड्यात जातात. आणि गाडी? ती डायलिसिसला, टाके काढायला, इस्पितळातून घरी आणायला. आठवड्यातून तीनदा त्याच चार माणसांना नेणं यात सायरन नाही, पण सातव्या आणि आठव्या वहीत निम्म्या ओळी त्याच. एका बाईंची मी सहा वर्षं ने-आण केली. त्यांना पुढे बसायला आवडायचं.

आताच्या मोठ्या गाडीत ऑक्सिजन आहे. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर बसतो. मिनिटाला दहा लिटरने सोडला तर अडीच तास. मीटरचा काटा दीडशेवरून पंचाहत्तरवर आला की निम्मा संपला. हा हिशेब मी २०२१ च्या मे महिन्यात झोपेतही करत होतो. त्या महिन्याची पानं मी फार वेळ उघडी ठेवू शकलो नाही. ‘सोबत कोण’ या रकान्यात ओळीने ‘कोणी नाही’. अक्षर माझंच आहे. सिलिंडर भरून देणाऱ्या एकाने आम्हाला दारातून परत पाठवलं होतं, तो दिवसही आहे. इतिहासाच्या पानावर त्या महिन्याची एक ओळ घातली, जास्त जमलं नाही.

सगळं जुळवूनही एक खूण मला उलगडत नव्हती. पहिल्या तीन वह्यांत, रात्रीच्या काही नोंदींच्या समासात, ‘३ हॉ’. फक्त एवढंच. तीन हॉस्पिटलं? तीन हजार? मामांना विचारलं, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, हे माझ्यानंतर लिहिलेलं, वही मी भरत नव्हतो.

मार्चमध्ये मजकूर तयार झाला. काकींचं नाव मी दुसऱ्या परिच्छेदात, सचिवांच्या बरोबरीने घातलं होतं. छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवायला गेलो. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, ‘बाबू, म्हजें नांव नाका. फेरीवाल्यांचें घाल.’

कुठल्या फेरीवाल्यांचं?

शेवटची फेरी गेल्यावर चोपड्याला फेरीबोट धक्क्याला लागलेली असे, खलाशी तिच्यातच झोपायचे. रुग्ण फार वाईट असला तर मामा किंवा पुढचे ड्रायव्हर कोलवाळला वळायचेच नाहीत. धक्क्यावर जाऊन तीन वेळा हॉर्न मारायचे. लांब, थांबून थांबून. एक-दोन हॉर्न कुणीही मारेल, तीन म्हणजे आजाऱ्याची गाडी. मग खलाशी उठायचे, इंजिन लावायचे आणि मध्यरात्री नदी पार करून द्यायचे. त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती. वहीत उघड लिहिलं तर कुणीतरी त्यांना जाब विचारेल, म्हणून काकी फक्त ‘३ हॉ’ लिहायच्या.

घरी येऊन मी तिन्ही वह्या पुन्हा काढल्या आणि त्या खुणांवर पेन्सिलने गोल केले. पहाट झाली. मामांना फोन केला. ते बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, ‘ते मी सांगायला नको होतं असं वाटत होतं मला. अजून.’ आता एवढ्या वर्षांनी कोण जाब विचारणार, असं मी म्हटल्यावर त्यांनी दोन नावं सांगितली. तिसरा त्यांना चेहऱ्याने आठवतो.

फलकाचं काम थांबवलंय. रंगाऱ्याला पुढचा महिना सांगितला. दोघांपैकी एक शेवटी केरी-तेरेखोलच्या फेरीवर होते आणि तिथूनच निवृत्त झाले असं कळलं, त्यांचं घर केरीतच आहे म्हणतात. रविवारी मामांना गाडीत बसवून जाणार आहे. काकीही येते म्हणाल्या.